सुरतेच्या डॉक्टरीणबाई : डॉ. रखमाबाई यांची रुग्णसेवा

डॉ. रखमाबाई हे नाव उच्चारले की मराठी वाचकास प्रथम आठवतो तो दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला. १८८४ ते १८८८ या काळात त्या खटल्याने सारा मुंबई इलाखा ढवळून निघाला. त्याचे पडसाद इंग्लंडातील वृत्तपत्रांतही उमटले. त्याविषयी ग्रंथ लिहिले गेले, पुढे चित्रपटही निघाला. परंतु खटला निकालात निघाला तेव्हा रखमाबाईंना चोविसावे वर्ष चालू होते. त्यानंतर त्या आणखी सदुसष्ट वर्षे जगल्या आणि त्यांतील सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सुरत व राजकोट येथील बायकांच्या इस्पितळांत रुग्णसेवेत घालविली. आयुष्याचा हा मोठा भाग त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत दोन-चार ओळींत आटोपला जातो.

आपण बृहन्महाराष्ट्रातील मंडळी. कोणी व्यापारासाठी, कोणी विद्येसाठी, तर आमच्यासारखे कोणी बदलीच्या हुकुमाने मराठी मुलूख सोडून आलेले. परक्या भाषेच्या लोकांत राहून त्यांचा विश्वास कसा संपादन करावा, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या विश्वासाचा खरा कस लागतो तो आजाऱ्याच्या उशाशी. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा रखमाबाईंच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही ठरविले. मात्र पूर्वार्ध समजल्यावाचून उत्तरार्धाचे मर्म ध्यानी यावयाचे नाही. यास्तव आरंभी तोही थोडक्यात सांगणे प्राप्त आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार ज्ञातीतील एका सुस्थित घराण्यात झाला. त्यांच्या मातोश्री जयंतीबाई या स्वतः बालवधू होत्या. पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मोकळीक होती. त्यानुसार काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला आणि पहिले पती जनार्दन पांडुरंग यांची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईकडील औषधी द्रव्यांची सूची त्यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केली होती आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापक सभासदांत त्यांची गणना होते. अशा विद्याव्यासंगी घरात रखमाबाई वाढल्या.

परंतु घर सुधारक झाले तरी रूढी उंबऱ्याबाहेर थांबत नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुनांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. दादाजींचे वय तेव्हा एकोणीसच्या आसपास होते. जावयाने विद्या संपादन करून मार्गास लागावे अशी सासऱ्यांची अपेक्षा होती. ती सफळ झाली नाही. रखमाबाई माहेरीच राहिल्या. घरच्या घरी पुस्तके वाचून त्यांनी आपले शिक्षण चालविले, इंग्रजी आत्मसात केली. मुलगी मोठी होत गेली तसतशी तिची स्वतःची मते तयार झाली, आणि ज्या गृहस्थांशी आपला विवाह लावून देण्यात आला त्यांच्या घरी नांदावयास जावयाचे नाही, असा तिचा निश्चय ठरला.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. बालपणी, स्वतःच्या संमतीवाचून लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी कधीच न राहिलेल्या तरुण स्त्रीस बळाने त्याच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले, आणि तशी सक्ती करण्यास हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही असे त्यांचे मत पडले. त्यावर अपील झाले. १८८६ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो निर्णय फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीस पाठविले. अखेर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाही तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली.

त्या आज्ञेच्या केवळ सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात निवर्तल्या होत्या. मराठी मुलखातील पहिली स्त्री-डॉक्टर गेली आणि पुढे डॉक्टर व्हावयाची होती ती तरुणी तुरुंगाच्या दाराशी उभी होती. त्या आठवड्याचा हा योगायोग आम्हांस फार विलक्षण वाटतो.

पुढे वाद वर्षभर चालला. रखमाबाईंच्या साहाय्यासाठी समिती निघाली; बेहरामजी मलबारींसारखे सुधारक व एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने उलट बाजू घेतली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व दादाजींनी आपला हक्क सोडला.

या खटल्यात धर्मशास्त्राचे पंडित बोलले, इंग्लिश कायद्याचे जाणकार बोलले, संपादक बोलले, ज्ञातीचे पुढारी बोलले. ही मुलगी कोणाची, तिच्यावर हक्क कोणाचा, याचा प्रत्येकाने आपापल्या परीने निवाडा केला. तिला स्वतःला काय वाटते हे मात्र तिला टोपणनावाने वृत्तपत्रातून सांगावे लागले. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर जी पत्रे प्रसिद्ध झाली, ती रखमाबाईंची होती हे पुढे उघड झाले. माणसाच्या देहाविषयी आणि आयुष्याविषयी त्याच्या देखत इतरांनी ठरवावे आणि त्याला विचारूही नये, याचा हा अनुभव होता. आमच्या मते रखमाबाईंच्या पुढील आयुष्याची किल्ली येथे आहे. कारण ज्या क्षेत्रात त्या उतरल्या, त्या क्षेत्रात त्या काळच्या हिंदी स्त्रीची अवस्था नेमकी हीच होती.

ती अवस्था कशी होती ते पाहावे. घरंदाज स्त्री आजारी पडली तर पुरुष डॉक्टरपुढे येत नसे. पुष्कळ घरी पडद्याआडून हात बाहेर काढला जाई व त्यावरून नाडी पाहावी लागे. दुखणे कोठे, केव्हापासून, कसे, हे सांगावयाचे ते पती, दीर किंवा एखादी वृद्ध नातलग स्त्री. डॉक्टरच्या कानी पडे ती तक्रार अशी तिसऱ्याच्या मुखातून आलेली. जी गोष्ट स्त्री आपल्या सासूस सांगू शकत नाही, ती सासूच्या तोंडून डॉक्टरास कशी कळावी? बाळंतपणाच्या आणि गुप्त दुखण्यांच्या बाबतीत कित्येकींचा जीव असा केवळ न बोलल्यामुळे, न विचारल्यामुळे जात असे. औषध होते, डॉक्टर होते. दोहोंमधील संभाषणाची वाट तेवढी बंद होती.

या दुःखाची वार्ता १८८१ मध्ये थेट इंग्लंडच्या राणीपर्यंत गेली. पन्ना संस्थानच्या महाराणीवर डॉ. एलिझाबेथ बेल्बी यांनी उपचार केले होते. हिंदी स्त्रियांचे आजारपणातील हाल राणीच्या कानी घालावेत असा निरोप महाराणीने त्यांच्याबरोबर धाडला आणि डॉ. बेल्बींनी तो पोहोचविला. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी फंड उभारला. तत्पूर्वीच मुंबईकरांनी स्वतः वर्गणी जमवून डॉ. एडिथ पीची यांना १८८३ मध्ये विलायतेहून आणविले होते. १८८६ मध्ये उघडलेल्या कामा हॉस्पिटलाची धुरा त्यांनी वाहिली. आणि या पीचीबाईंनीच रखमाबाईंना वैद्यक शिकण्यास उत्तेजन दिले.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्यांनी अभ्यास केला आणि रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिक्षण घेतले. इंग्लंडात वॉल्टर व ईव्हा मॅक्लॅरेन या दांपत्याचे त्यांना मोठे साहाय्य झाले. मुंबईत वाढलेली, स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकलेली ही तरुणी आता परक्या देशातील आजारी बायकांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारीत होती. परभाषेत आजाऱ्याशी बोलणे म्हणजे काय, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. ते तेथे त्यांना मिळाले असले पाहिजे. १८९४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्यावर सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

सुरत म्हणजे नाना जातिधर्मांचे गाव. हिंदूंमध्ये अनेक ज्ञाती, जैन, पारशी, बोहरी व इतर मुसलमान, शिवाय भोवतालच्या खेड्यांतील कष्टकरी लोक. प्रत्येकाचा सोवळ्या-ओवळ्याचा, खाण्यापिण्याचा, पडद्याचा आचार निराळा. मुंबईत जन्म गेलेल्या माणसाच्या कानाला गुजराती अनोळखी नसते हे खरे. परंतु बाजारात भाव करण्यापुरती भाषा निराळी आणि बाळंतिणीची भीती समजून घेण्याची भाषा निराळी. त्यातून इस्पितळ म्हणजे मरावयास जाण्याचे ठिकाण, ही समजूत त्या काळी सर्वदूर पसरलेली. जी माणसे शेवटच्या घटकेला आणली जात ती दगावत, आणि ती दगावली म्हणून इतर लवकर येत नसत. इमारत होती, खाटा होत्या, विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणासाठी बायका मात्र येईनात.

येथे एक हकीकत सांगतात. रखमाबाईंनी म्हणे एक गाभण शेळी इस्पितळात आणविली आणि तिचे बाळंतपण तेथे सुखरूप पार पाडले. मुकी शेळी पिलांसह जिवंत बाहेर पडली हे गावाने पाहिले आणि मग हळूहळू बायका येऊ लागल्या.

ही हकीकत ऐकून हसू येते, आम्हांसही आले. परंतु थोडा विचार करता तिच्यात रुग्णसेवेचे सारे सार आढळते. रखमाबाईंना व्याख्यान देता आले असते. अडाणी म्हणून त्या बायकांना दूषण देता आले असते. शिकलेल्यांना तो मोह नेहमीच असतो. इस्पितळाच्या दारावर पत्रक डकविता आले असते. पण ते वाचणार कोण? त्यांनी भीती काय आहे ते आधी ओळखले. येथे गेलेला जीव परत येत नाही, ही ती भीती. तिचे उत्तर त्यांनी अशा भाषेत दिले की जी हिंदू, मुसलमान, पारशी, शिकलेली व न शिकलेली अशा सर्व बायकांना सारखीच कळावी. समोरच्याला उमगेल अशा रीतीने सांगणे ही जबाबदारी सांगणाराची आहे, ऐकणाराची नव्हे, हा धडा त्या शेळीने घालून दिला. आम्ही सरकारी नोकरीत इतकी परिपत्रके काढली व वाचली, त्यांतील किती जणांनी हा धडा गिरविला असेल, कोण जाणे.

याच्या उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग उद्भवला व पुढील वर्षी तो इलाखाभर पसरला. सुरतही त्यातून सुटली नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना मोठे अधिकार मिळाले. घरे तपासणे, आजाऱ्यांना उचलून नेणे, नातलगांना निराळ्या छावणीत ठेवणे असे उपाय सुरू झाले. हेतू रोग आटोक्यात आणण्याचा होता. परंतु का, कोठे व किती दिवस हे लोकांना समजावून न सांगता, स्त्रियांच्या लज्जेचा व घरच्या देवघराचा विचार न करता जेथे जेथे सक्ती झाली, तेथे तेथे लोक आजारी माणसे दडवू लागले आणि साथ उलट अधिक पसरली. पुण्यातील जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँडच्या वधात झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. रखमाबाई त्या दिवसांत सुरतेत आपल्या कामावर होत्या. त्यापाठोपाठ, १८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा भयंकर दुष्काळ पडला. या आपत्तींत ज्या इस्पितळावर बायकांचा विश्वास बसला होता त्याचे मोल केवढे असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी शुभ्र वस्त्र धारण केले आणि विधवेचा वेष पुढे आयुष्यभर ठेविला. ज्या नात्यास त्यांनी भर कोर्टात नाकारले, त्याच्या शेवटास त्यांनी हा मान का द्यावा याविषयी अनेकांनी अनेक तर्क केले आहेत. आम्ही त्यात भर घालीत नाही. ज्या बाईने आयुष्यभर आपल्या देहाचा व आचाराचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क मागितला, तिच्या या निर्णयाचाही अर्थ आपण परस्पर लावू नये, हेच उचित.

सुमारे दोन तपे सुरतेत काढल्यावर १९१७-१८ च्या सुमारास त्यांना सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याविषयी विचारणा झाली. ती मानाची जागा न स्वीकारता त्या राजकोटच्या बायकांच्या इस्पितळात गेल्या. काठेवाडातील संस्थानी घराण्यांत पडदा सुरतेहूनही कडक होता. तेथेही त्यांनी दहा-बारा वर्षे प्रमुख डॉक्टर म्हणून काम केले, रेडक्रॉसच्या कार्यास चालना दिली आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. त्याच सुमारास त्यांनी पडदापद्धती नाहीशी करण्याची आवश्यकता प्रतिपादणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यामागे जाऊन पस्तीस वर्षे ज्यांनी बायकांची दुखणी ऐकली, त्या बाईंनी अखेर तो पडदाच नको म्हणावे, यात मोठा अर्थ आहे. पडद्यातल्या स्त्रीस त्यांनी पडदा टाकून या असे इस्पितळाच्या दारात सांगितले नाही. ती जशी होती तशी तिची शुश्रूषा केली. पडद्याविरुद्धचा वाद त्यांनी समाजाशी घातला, आजारी बाईशी नाही. सुधारकाचा आग्रह आणि डॉक्टरचे कर्तव्य यांतील ही सीमारेषा त्यांनी ओळखली होती, असे आम्हांस वाटते.

आता आपल्याकडे वळू. रखमाबाईंच्या काळचा पडदा आज पुष्कळ ठिकाणी गेला आहे. परंतु आजाऱ्यास वगळून त्याच्याविषयी बोलण्याची सवय गेलेली नाही. वृद्ध आई खाटेवर असते आणि डॉक्टर मुलाशी बोलतात. बहिऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्याबरोबर आलेल्याशी बोलतात. अंध माणसाचा हात न सांगता धरून सुई टोचतात. ही माणसे जणू त्या खोलीत नाहीतच. आणि भाषा परकी असली की अंगात सर्व इंद्रिये शाबूत असलेला माणूसही बहिरा व मुका होऊन बसतो.

आमच्या नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या. दक्षिणेतील एका शहरी असताना आमच्या एका सहकाऱ्याच्या मातोश्रींना एका मोठ्या रुग्णालयात ठेविले होते. बाईंना मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. शस्त्रक्रिया उत्तम झाली; पण दोन दिवस म्हातारीने अन्नास तोंड लावले नाही. हट्टी आहे, सहकार्य करीत नाही, असा शेरा कागदावर पडला. मुलाने रागावून पाहिले. अखेर तेथील महाराष्ट्र मंडळातील एक वयस्क बाई भेटीस गेल्या. त्यांनी खुर्ची ओढून समोर बसून, मुलास बाहेर पाठवून, हलक्या आवाजात विचारले, तेव्हा उलगडा झाला. शस्त्रक्रियेपूर्वी काढून ठेवलेली दातांची कवळी हरवली होती, आणि दात नाहीत हे परक्या पुरुषांपुढे व मुलापुढे सांगण्याची त्या माउलीस लाज वाटत होती. त्या संध्याकाळी पातळ खिमट मिळाले आणि म्हातारी पोटभर जेवली. तिच्या दुखण्यावर त्या दिवशी जो उपाय झाला तो विचारपूस एवढाच.

विचारपूस हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्द आहे! आजाऱ्याकडे आपण जातो ते विचारपूस करावयास. परंतु पुष्कळदा आपण विचारीत नाही, सांगतच सुटतो. अमुक वैद्याचा काढा घ्या, तमुकच्या काकांना हेच झाले होते, असे ऐकवून परत येतो. खरी विचारपूस करावयाची तर काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. आजाऱ्याच्या दृष्टीस पडेल असे समोर, त्याच्या उंचीवर बसावे. उभ्याने, दाराशी, निघण्याच्या घाईत बोलू नये. त्याला आवडेल त्या नावाने, मानाने हाक मारावी. वयस्क माणसास बाळाप्रमाणे चुचकारू नये. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरास अवसर द्यावा. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नये. तोंड उजेडाकडे ठेवून सावकाश बोलावे. दिसत नसेल तर आपण कोण ते आधी सांगावे आणि काय करणार ते सांगून मग हात लावावा.

दुभाष्याचे काम करणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. डॉक्टर जे बोलले ते सारे सांगावे आणि आजारी जे बोलला ते सारे पोहोचवावे. आपल्याकडून पदरचे घालू नये, वाईट बातमी परस्पर गाळू नये. घरातील लहान मुलास दुभाषी करू नये. आईचे दुखणे लेकराच्या तोंडून वदविणे हे दोघांवरही ओझे आहे. सांगितलेले समजले का असे विचारले तर प्रत्येक जण मान डोलावतो. त्यापेक्षा औषध कसे घ्यावयाचे ते आजाऱ्याकडूनच पुन्हा सांगवून घ्यावे. आणि खाटेजवळ ऐकलेले मंडळाच्या चहापानात बोलू नये.

संमतीचा प्रश्नही असाच आहे. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात या बाबतीत स्पष्ट निर्णय दिला. एका प्रौढ स्त्रीस केवळ तपासणीसाठी भूल दिली असता, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकण्यात आली होती. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर आल्यावर निर्णय घेऊ शकत असेल आणि तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग नसेल, तर तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाची संमती चालावयाची नाही. एका गोष्टीस दिलेली संमती दुसरीस लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. स्त्रीच्या देहाविषयी निर्णय तिलाच विचारून व्हावा, हे तत्त्व १८८५ मध्ये मुंबई हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी मान्य केले होते आणि पुढील दोन वर्षांत ते पुसले गेले. रखमाबाईंनी ते सोडले नाही. त्या निकालांच्या ओळी वाचताना आम्हांस सुरतेच्या डॉक्टरीणबाईंचे स्मरण झाले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत रखमाबाई कालवश झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. परंतु ज्या वैवाहिक हक्काच्या दाव्यासाठी त्यांना चार वर्षे झगडावे लागले, त्याची तरतूदही त्या कायद्यात आली. त्यांचा लढा त्यांच्याबरोबर संपला असे म्हणता यावयाचे नाही.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाट्यप्रयोग केले, वाचनालय चालविले. हे सारे आनंदाचे आहे. आमची एक नम्र सूचना आहे. मराठीबरोबर येथील स्थानिक भाषा उत्तम बोलणाऱ्या, आणि आठवड्यातून एक-दोन तास देऊ शकणाऱ्या सभासद स्त्री-पुरुषांची एक यादी मंडळाच्या कार्यालयात असावी. या शहरात उपचारासाठी आलेल्या, भाषा न समजणाऱ्या मराठी माणसाच्या उशाशी त्यांनी जाऊन बसावे. आणि मराठी मुलखात गेलेल्या येथील स्थानिक रुग्णाची अशीच सोय तिकडील आपल्या आप्तेष्टांनी करावी, असे त्यांना कळवावे. कारण परकेपणाचे दुःख सर्वांना सारखेच. यास फंड लागत नाही, इमारत लागत नाही. सुरतेत रखमाबाईंनी ज्या कामास पस्तीसपैकी पहिली दोन तपे दिली, त्याचा हा अल्पसा अंश आपल्या हातून घडला, तर सुवर्णमहोत्सवी वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.